एनफिल्ड १९१७, ईशापूरची दुरुस्ती आणि दस्त्यावरची ‘मराठा’ चकती: दावा कितपत खरा?

प्रश्न : सांगली_ते_डॅलस

नमस्कार मंडळी. इथल्या एका जुन्या शस्त्रांच्या दुकानात .३०३ शॉर्ट ली-एनफिल्ड विकायला आहे. दुकानदार म्हणतो, ही रायफल मराठा पलटणीकडे होती आणि १९१६ साली मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात वापरली गेली. एवढ्याच आधारावर साध्या ईशापूर (बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात दुरुस्त झालेल्या) रायफलीच्या जवळजवळ दुप्पट किंमत सांगतोय. कलेक्टरचं लायसन्स माझ्याकडे आहे, तेव्हा तो भाग सोडा. हातात घेऊन पाहता आली, खुणा टिपून आणल्या आहेत:

दस्त्याच्या पुढच्या लोखंडी गळ्यावर उजव्या बाजूला मुकुट, खाली जी. आर., एनफिल्ड, १९१७, एसएचटी. एल. ई., III आणि पुढे तारा. नळीच्या जाड भागावर डावीकडे ४३. त्याच्याजवळ छोटा बाण आणि आय. गळ्याच्या डाव्या अंगाला एफ. आर. आणि ४५. बोल्टच्या मुठीमागचा जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलाय, शेजारी नवा नंबर ठोकलाय आणि तो बॉडीच्या नंबराशी जुळतो. पुढच्या लाकडातून, चापाच्या जरा पुढे, एक आडवा स्क्रू आरपार गेलाय. धातूवर जाड काळा रंग. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती, तिच्यावर १/५, एम. एल. आय., १९१६ आणि ४२.

दावा खरा असू शकतो का? नंबरावरून कुठे चौकशी करता येते का? आणि घेतलीच तर काळा रंग काढावा का?

---

तोडेदार

दावा खोटा आहे, आणि तो खोटा पाडायला अभिलेखागारापर्यंत जायची गरज नाही. तुम्ही टिपलेल्या खुणाच एकमेकींच्या विरोधात साक्ष देतायत.

कुटची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. रायफल १९१७ ची. वेढ्यात अडकलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनची हत्यारं एकतर शरणागतीआधी निकामी केली गेली किंवा तुर्कांच्या हाती पडली. पुढच्या वर्षी एनफिल्डच्या कारखान्यात तयार झालेली रायफल तिथे असणार कशी?

आता चकती. कुटमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ हे नावच १९२२ च्या पुनर्रचनेत आलं. तेव्हा १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची प्रशिक्षणाची १०/५. म्हणजे १/५ आणि १९१६ एकाच चकतीवर येऊच शकत नाहीत. ज्याने ही चकती ठोकली त्याने पलटणीचं नाव पुढच्या काळातलं घेतलं आणि तारीख मागच्या काळातली. शिवाय मार्क III ला तारा लागला १९१६ च्या सुरुवातीला, उत्पादन वेगाने व्हावं म्हणून. मॅगझिनची कट-ऑफ पट्टी, लांब पल्ल्याच्या बाजूच्या साइट आणि मागच्या साइटची आडवी फिरकी त्या वेळी गाळली. दस्त्यावर चकती बसवणंही त्याच सुमारास बंद झालं. १९१७ च्या रायफलीवर चकती दिसली तर दस्ता जुन्या रायफलीचा असू शकतो, दुरुस्तीत तसं सर्रास होई. त्यामुळे लाकडातली खाच अस्सल आणि तिच्यातली चकती कालपरवाची, हेही शक्य आहे. नकली चकत्या सुट्या विकत मिळतात.

चकती तपासायची असेल तर स्क्रूची खाच आधी बघा. जुन्या स्क्रूची खाच मळाने भरलेली असते आणि चकतीच्या कडेला लाकडात कळंक उतरलेला असतो. आकडे एकेका ठशाने हाताने ठोकलेले असतात, म्हणून ओळ थोडी वरखाली होते आणि खोली कमीजास्त असते. यंत्राने कोरलेली अक्षरं कडेला सरळ आणि तळाला सपाट दिसतात.

बाकीच्या खुणा मात्र चांगल्या आहेत, आणि मला तरी त्या चकतीपेक्षा जास्त आवडल्या. बाणाखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालकी. नळीवरचं ४३ म्हणजे नळी १९४३ ची, पहिली नळी झिजली किंवा खराब झाली म्हणून बदललेली. एफ. आर. ४५ म्हणजे १९४५ ची कारखान्यातली दुरुस्ती. चापापुढचा आडवा स्क्रू हा बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचा ओळखीचा उपाय: पुढचं लाकूड तिथे उभं चिरतं, म्हणून ते आवळून ठेवायचं. बोल्टवरचा खोडलेला नंबर बघून कोणी नाक मुरडेल, पण तसं खोडून नवा नंबर देणं हे आर्मररचं रीतसर काम आहे. फसवणारा माणूस जुना नंबर घासून नाहीसा करतो, रेघ मारून वाचता येईल असा ठेवत नाही.

तेव्हा पुराव्याने म्हणता येईल ते एवढंच: १९१७ मध्ये इंग्लंडात बनली, १९४३ च्या आधी कधीतरी हिंदुस्थानच्या ताब्यात आली, दुसऱ्या महायुद्धात नवी नळी चढली, १९४५ मध्ये पुन्हा जुळवली गेली. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं कोरी आहेत. ती कोरीच राहू द्या.

साध्या ईशापूरच्या भावात मिळाली तर घ्या. चकतीसाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

---

दप्तरखाना

नंबरावरून चौकशीबद्दल. ब्रिटिश रायफलींचे नंबर प्रत्येक कारखाना आपापले देई, हजारांच्या घरात मोजून मग अक्षर लावून पुन्हा सुरुवात. त्यामुळे तोच नंबर एनफिल्डच्या, बीएसएच्या आणि लिथगोच्या रायफलीवर सापडू शकतो. नंबर, कारखाना, वर्ष आणि अक्षर हे चारही मिळून ओळख होते. आणि एवढं करूनही ‘अमुक नंबर अमुक पलटणीला दिला’ असं सांगणारी मध्यवर्ती वही चाळायला मिळत नाही. पैसे घेऊन नंबरावरून ‘इतिहासाचं प्रमाणपत्र’ देणारे लोक असतात. ते कारखाना आणि वर्ष सुंदर कागदावर छापून देतात, जे तुम्ही आत्ताच वाचलंय.

या बाबतीत स्विस रायफलीवाले नशीबवान. के-३१ च्या दस्त्याची मागची पट्टी काढली की पुष्कळदा आत सैनिकाच्या नावाची, तुकडीची चिठ्ठी मिळते. ली-एनफिल्डमध्ये तसं काही नाही.

शिवाय रायफल आणि पलटण यांचा संबंध वाटतो तितका पक्का नसतो. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मीरत डिव्हिजन मार्सेला उतरल्या तेव्हा शिपायांनी हिंदुस्थानातून आणलेल्या रायफली तिथे जमा करून घेतल्या आणि नव्या दारूगोळ्याच्या, म्हणजे मार्क VII काडतुसाच्या साइट असलेल्या दिल्या. रणांगणावरून गोळा केलेली रायफल वर्कशॉपमध्ये जाई आणि तिथून जो मागेल त्याला. इस्पितळात गेलेल्या शिपायाची रायफल त्याच्याकडे परत येईलच असं नाही.

ज्या मोजक्या रायफलींचा प्रवास खरोखर सिद्ध होतो त्यांच्या अंगावरच तो लिहिलेला असतो. टी. ई. लॉरेन्सची (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची) एनफिल्ड लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. मूळ एसेक्स रेजिमेंटची, गॅलिपोलीत तुर्कांनी पकडली, त्यांनी तिच्यावर लूट म्हणून मजकूर कोरला, तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाने ती अरब राजपुत्र फैजलला भेट दिली आणि फैजलने लॉरेन्सला. कोरलेला मजकूर नसता तर तीही आणखी एक जुनी .३०३ ठरली असती.

तरी तुम्हाला १९१७ नंतरच्या मराठा पलटणींचं वाचायचं असेल तर लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत युद्ध-रोजनिशा आहेत, मेसोपोटेमियासकट. पलटणीच्या जुन्या नंबराने शोधा: ‘११४ मराठाज’ असं, ‘१०/५’ असं नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत ११४ वी होती, ती रोजनिशी वाचण्याजोगी आहे. अपेक्षा मात्र माफक ठेवा. रोजनिशी अॅडज्युटंट लिहीत असे, त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचा फक्त आकडा, आणि रायफलीचे नंबर जवळजवळ कधीच नाहीत. हिंदुस्थानी सैन्याचे लष्करी खात्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात, एल/एमआयएल या खुणेखाली आहेत. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. तिथे पत्र लिहायचं तर नेमकी पलटण, महिना आणि ठिकाण देऊन लिहा. ‘माझ्या रायफलीचा इतिहास कळवा’ असं लिहिलंत तर उत्तराची वाट बघत बसाल.

---

सांगली_ते_डॅलस

दोघांचे आभार. पुन्हा जाऊन पाहिली. चकतीच्या स्क्रूची खाच लख्ख पिवळी आहे आणि अक्षरांचा तळ सपाट. दुकानदाराला १९२२ ची गोष्ट सांगितल्यावर त्याने चकतीचा भाव सोडला, मग घेतली. नोजकॅपवरचा (नळीच्या तोंडाजवळच्या लोखंडी टोपीवरचा) नंबर वेगळा आहे, मागच्या साइटच्या पानाखालचा जुळतो. आता लाकूड उतरवून आतल्या खुणा बघायच्या आहेत. क्रम काय ठेवू? आणि काळ्या रंगाचं राहिलंच.

---

रंधा_नको

क्रमच महत्त्वाचा आहे, कारण या रायफलीत एक सापळा आहे. दस्ता आधी काढू नका. दस्त्याच्या आतून जाणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागल्या कडेला असलेल्या छोट्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना मागून तो बोल्ट फिरवला की ते टोक आतल्या आत फिरतं आणि लाकडाची मागची कड फोडतं. बाजारात दिसणाऱ्या निम्म्याशिम्म्या चिरा याच कारणाने पडलेल्या असतात.

आधी बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मॅगझिन काढा. बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं डोकं वर उचला म्हणजे तो मागून बाहेर येतो. मागचं हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण) नळीवर स्प्रिंगच्या चिमट्याने बसलेलं असतं, ते सरळ वर उचला. तिरकं उचललं तर त्याचे पातळ कान मोडतात. नंतर नोजकॅपचे दोन्ही स्क्रू काढून कॅप पुढे सरकवा. अडली तर लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोका. कॅपजवळ नळीच्या खाली लाकडात स्प्रिंगवर बसलेली छोटी खुंटी असते, ती उडते आणि मग सतरंजीखाली सापडते. मधला कडा, आतल्या कड्याचा स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, मग चापाच्या कमानीचे स्क्रू. पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक लोखंडी नळकांडं असतं, बोटाच्या पेराएवढं. ते हरवलं किंवा कोणी आधीच हरवलेलं असलं तर स्क्रू आवळताना लाकूड चेपतं, बॉडी सैल बसते आणि पुढे लाकडाच्या आतल्या टेकू देणाऱ्या कडा तुटतात. उतरवताना ते आहे की नाही हे नक्की बघा. यानंतर पुढचं लाकूड दोन्ही हातांनी सारखं खाली घ्या, एका टोकाने उचकटू नका. दस्त्याला आता हात लावता येईल, पण कारण नसेल तर लावू नका.

स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्या, पातं घासून जुळवावं लागतं. घरातला नेहमीचा पाचरीसारखा पेचकस खाच फाडतो, आणि फाटलेली खाच ही विकत घेणारा सगळ्यात आधी बघतो.

आत काय बघायचं: पुढच्या लाकडाच्या टोकाला खालून नंबर, नळीच्या खालच्या बाजूचे तपासणीचे छोटे ठसे, लाकडावर आर. एफ. आय. आणि वर्ष असलं तर ईशापूरचं लाकूड. लाकडावरचे ठसे पुसट असतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून फोटो घ्या, दर फोटोला प्रकाशाची बाजू बदला. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली तरी उमटतं. खडू चोळू नका, तो रंध्रांत बसतो. नोजकॅपचा वेगळा नंबर म्हणजे तो भाग कधीतरी बदलला, एवढाच अर्थ. ईशापूरच्या दुरुस्तीत सगळे नंबर जुळले तर उलट मी दोनदा बघेन.

काळा रंग ठेवा. तो हिंदुस्थानी दुरुस्तीचा भाग आहे, दमट हवेत गंज रोखायला दिलेला. रंग काढणाऱ्या रसायनाने खालचा मूळ काळा मुलामाही जातो आणि ठशांच्या कडा बोथट होतात. एखादा ठसा रंगाखाली बुजला असेल तर तेवढ्याच जागी लाकडी काडीने खरवडा. गंज दिसला तर तेल लावून सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल, हलक्या हाताने. तारेचा ब्रश नको.

लाकडाला पॉलिश पेपर लावणं हा गुन्हाच. एकदा घासलं की खुणा कायमच्या गेल्या. मळ कोमट पाण्यात किंचित साबण घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, एक दिवस वाळू द्या, मग जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि अर्ध्या तासाने जादा तेल पुसून काढा. आठवड्याच्या अंतराने तीन-चार हात पुरतात. एकदम ओतलं तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. उघड्यावर पसरून वाळवा.

चालवायचा विचार असेल तर आधी जाणकार गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतर) मोजून घ्या. तुमचा बोल्ट बदललेला आहे, म्हणून तर नक्कीच. .३०३ ला काडतुसाच्या कडेवर मोजतात: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये. नंबर चारच्या रायफलीला (ली-एनफिल्डचा पुढचा नमुना) ०, १, २, ३ अशा मापाची बोल्टची डोकी मिळतात, ती तुमच्या रायफलीला बसत नाहीत. जुनं लष्करी काडतूस वापरलंत तर त्याच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीमधल्या (प्रायमरमधल्या) क्षाराने नळी गंजते. त्याच दिवशी गरम पाणी, मग तेल. रायफलीवर डी. पी. (फक्त कवायतीसाठी) असेल, किंवा पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील (हातबाँब फेकण्यासाठीची), तर ती भिंतीवरच बरी.

---

पंचगंगा

जरा वेगळा प्रश्न. आमच्या ओळखीच्या एका वाड्यात माळ्यावर अशीच .३०३ निघाली आहे, लायसन्स कोणाच्याच नावावर नाही. पुरातन वस्तू म्हणून ठेवता येईल का? आणि डॅलसची रायफल कधी भारतात आणता येईल का?

---

दप्तरखाना

@पंचगंगा, नाही, आणि यात वेळ काढू नका. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण ती ‘दुरुस्त करूनही आणि न करताही चालू शकत नाही’ अशा हत्यारालाच. ठासणीची गंजून गोळा झालेली बंदूक त्यात बसू शकते. .३०३ माळ्यावर कितीही वर्षं पडून असली तरी बसत नाही, कारण ती सहज चालू होते. वय हा निकष नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, पण त्याने शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही, उलट देशाबाहेर नेण्यावर बंदीची भर पडते. वकिलाशी बोलून, रायफल न हलवता आणि न साफ करता, पोलीस ठाण्याला लेखी कळवायला सांगा. डॅलसहून आणण्याचा विचार सोडून द्या.

एक बघा, ती .३०३ च आहे ना? ईशापूरने पहारेकऱ्यांसाठी पुष्कळ रायफली .४१० च्या एकबारी मस्केटमध्ये बदलल्या होत्या. बाहेरून हुबेहूब तशाच दिसतात. कायदा दोन्हींना लायसन्स मागतो, पण अर्जात वर्णन चुकलं तर पुढे त्रास होतो.

---

तोडेदार

खैबरच्या हातबनावटीच्या रायफलींबद्दलही इथेच लिहून ठेवतो, कारण त्यांनाही ‘ब्रिटिश हिंदुस्थानी’ म्हणून खपवतात. इंग्रजी एन उलटा, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, मुकुट वाकडा. सगळ्यात सोपी खूण म्हणजे व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची खूण) आणि खाली १९०१ नंतरचं साल. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. पोलाद कुठलं हे सांगता येत नाही, म्हणून त्या कधीही झाडू नयेत.

‘मराठा रायफल’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हेही विचारायला हरकत नाही की कुठल्या मराठ्याची. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत ज्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती ते टॉमी गन घेऊन लढले होते.

@सांगली_ते_डॅलस, नळीवर किंवा बॉडीवर अमेरिकन आयातदाराचं नाव आणि गाव बारीक अक्षरात कोरलेलं असेल, तेही टिपा. १९६८ नंतर आणलेल्या मालाला ते लागतं. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने विकून टाकल्याची खूण. नळीवर .३०३, २.२२२ इंच आणि १८.५ टन असं काही असेल तर ती मधे इंग्लंडच्या प्रूफ हाउसमधून (जादा दाबाचं काडतूस झाडून नळी तपासतात तिथून) गेली. दस्त्यावर रंगवलेले मोठे आकडे दिसले तर पोलिसांच्या शस्त्रागाराचा विचार करा. सैन्यानंतर या रायफली तिथेच गेल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर त्यांना २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला.

आणि चकती फेकू नका. काढून पाकिटात घाला, पाकिटावर ‘नकली, खरेदीच्या वेळी दस्त्यावर होती’ असं लिहा आणि रायफलीच्या कागदांबरोबर ठेवा. नुसती सुटी ठेवली तर पुढचा मालक ती परत स्क्रूने बसवेल.